डोळे झाकून उडायला शिकलेली अमेलिया

अमेलिया इअरहार्ट हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी ऐकलं असेल. अटलांटिक महासागर विमानातून एकटीनं पार करणारी पहिली स्त्री, आणि पुढे पॅसिफिक महासागरावर विमानासकट नाहीशी झालेली. मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एवढ्या दोन ओळी असतात. पण १९२८ साली, म्हणजे ज्या वर्षी जगभर तिचं नाव झालं त्या वर्षी, ती नोकरी कसली करत होती ठाऊक आहे? अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात डेनिसन हाउस नावाची संस्था होती, तिथे ती समाजसेविका होती! चीन, सीरिया अशा देशांतून पोट भरायला आलेल्या कुटुंबांची ती वस्ती. त्यांच्या मुलांना इंग्रजी शिकवायचं, खेळ घ्यायचे, आपल्या पिवळ्या मोटारीतून त्यांना फिरवून आणायचं, हे तिचं काम. हे वाचलं आणि मला ती एकदम आपल्यातलीच वाटायला लागली.

अमेलियाचा जन्म २४ जुलै १८९७ चा, कॅन्सस राज्यातल्या ॲचिसन गावचा. आजोळी लाडात वाढली. शेडच्या छपरापासून खाली फळ्या लावून तिनं घरच्या घरी घसरगाडी केली होती आणि त्यावरून सुसाट खाली येऊन ओठ फोडून घेतला होता. वडील वकील, पण दारूचं व्यसन लागलं आणि संसाराची घडी विस्कटली. आज इथे तर उद्या तिथे अशी बिऱ्हाडं फिरत राहिली. (कुठलाही देश घ्या, ही कथा काही बदलत नाही.) पहिल्या महायुद्धाच्या वेळी कॅनडात टोरांटोच्या लष्करी रुग्णालयात तिनं जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. पुरुषांच्या मानल्या जाणाऱ्या क्षेत्रांत नाव काढलेल्या बायकांची वर्तमानपत्रातली कात्रणं ती वहीत चिकटवून ठेवायची.

२८ डिसेंबर १९२० ला कॅलिफोर्नियात वडिलांनी दहा डॉलर मोजले आणि ती पहिल्यांदा विमानात बसली. दहा मिनिटांची ती फेरी! खाली उतरली ती विमान शिकायचं ठरवूनच. जानेवारी १९२१ मध्ये नेटा स्नूक नावाच्या एका तरुणीकडेच तिनं शिकवणी लावली. पैशांसाठी टेलिफोन कंपनीत काम केलं. नवं कोरं चामड्याचं जाकीट नवशिकेपणा दाखवतं म्हणून ते अंगात घालून ती रात्री झोपायची, सुरकुत्या पडाव्यात म्हणून! काही महिन्यांत आईच्या मदतीनं एक जुनं पिवळं विमान घेतलं. १९२२ मध्ये चौदा हजार फुटांवर जाऊन स्त्रियांमध्ये उंचीचा विक्रम केला, १९२३ मध्ये परवाना मिळवला. मग पैसे संपले, विमान विकावं लागलं, आईवडिलांचा घटस्फोट झाला आणि ती बॉस्टनला आली.

तर १९२८ च्या एप्रिलमध्ये डेनिसन हाउसमध्ये तिला फोन आला. अटलांटिक पार करणाऱ्या विमानातून जायला आवडेल का, अशी विचारणा. त्याचं असं झालं होतं, की एमी गेस्ट नावाच्या एका श्रीमंत बाईंना स्वतःलाच जायचं होतं, विमानही त्यांनी घेतलं होतं. घरच्यांनी मोडता घातला. मग माझ्याऐवजी दुसरी चांगली मुलगी पाठवा, असं त्यांनी सांगितलं, आणि शोध घेता घेता नाव निघालं अमेलियाचं. ती हो म्हणाली. १७ जूनला न्यूफाउंडलंडहून 'फ्रेंडशिप' विमान निघालं आणि २० तास ४० मिनिटांनी वेल्समधल्या बरी पोर्ट गावाजवळ पाण्यावर उतरलं. अटलांटिक विमानानं ओलांडणारी ती पहिली स्त्री ठरली. मिरवणुका निघाल्या, वर्तमानपत्रं रकानेच्या रकाने भरून वाहिली.

आता यातली मेख ऐका. कागदोपत्री अमेलिया त्या सफरीची कॅप्टन होती. विमान चालवलं विल्मर स्टुल्ट्झनं, सोबत यंत्रज्ञ लुई गॉर्डन. स्टुल्ट्झला वीस हजार डॉलर मिळाले, गॉर्डनला पाच हजार, आणि अमेलियाला शून्य! बरं, तिला विमान चालवता येत होतंच, मग तिनं दांडी हातात का नाही घेतली? कारण जवळजवळ सगळी वाट ढगांतून आणि धुक्यातून होती. खाली समुद्र नाही, वर आकाश नाही, फक्त समोरच्या तबकड्या बघून चालवायचं. ती विद्या तिला येत नव्हती. म्हणून ती खिडकीपाशी गुडघ्यांवर बसून वहीत नोंदी करत राहिली. नंतर लोक कौतुक करायला लागले तेव्हा तिनं सरळ सांगून टाकलं, की मी तर बटाट्याच्या पोत्यासारखी नेली गेले.

आमच्या कामात गावोगावी फिरताना मी अशा किती जणी पाहिल्यात! सरपंचाच्या खुर्चीवर बाईचं नाव, शिक्का तिच्या पिशवीत, आणि कारभार सगळा शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या हातात. हार मात्र तिच्या गळ्यात. काहींना त्याचं काही वाटत नाही, काहींना आतून खूप लागतं. अमेलियाला लागलं. पुढची चार वर्षं तिनं जे केलं ते या बोचणीतूनच केलं, असं माझं तरी मत आहे.

पण ही 'न बघता उडण्याची' विद्या म्हणजे नेमकं काय, ते जरा समजून घेऊ. लहानपणी गोल गोल फिरून आपण थांबायचो तेव्हा अंगण फिरत राहायचं, आठवतं? आपला तोल सांभाळणारा भाग कानाच्या आत असतो आणि डोळ्यांची मदत नसेल तर तो सपशेल फसतो. ढगात शिरलेल्या वैमानिकाचं तेच होतं. विमान एका अंगाला कलून गिरक्या घेत खाली निघालेलं असतं आणि त्याला वाटतं आपण सरळ चाललोय. त्या काळात कितीतरी चांगले वैमानिक असेच गेले. म्हणून यंत्रं आली. वेगानं फिरणारा भोवरा आपली दिशा सोडत नाही, या साध्या गोष्टीवर त्यातली महत्त्वाची यंत्रं चालतात. एक यंत्र कृत्रिम क्षितिज दाखवतं, एक दिशा दाखवतं, एक उंची. शिकणाऱ्याला पहिला धडा हाच, की अंग काहीही सांगू दे, विश्वास तबकडीवर ठेवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण आपलं स्वतःचं शरीर ओरडून सांगत असताना ते खोटं मानायचं, हे किती कठीण असेल! त्यासाठी शिकाऊ वैमानिकाच्या डोक्यावर कापडाचं झाकण ओढायचे, बाहेरचं काही दिसू नये म्हणून, आणि दुसऱ्या जागेवर शिक्षक बसायचा. २४ सप्टेंबर १९२९ ला जिमी डूलिटल या लष्करी वैमानिकानं अशा झाकणाखाली बसून विमान वर नेलं, फिरवलं आणि खालीही उतरवलं. जगात हे पहिल्यांदाच घडत होतं.

उतरणं ही या विद्येतली दुसरी आणि जास्त अवघड पायरी. ढगात विमान सरळ ठेवलंत, ठीक आहे. पण खाली धावपट्टी कुठाय? इथे कानाचं काम येतं. तेव्हा अमेरिकेत विमानतळांजवळ रेडिओचे मनोरे उभे राहत होते. वाटेच्या एका अंगाला गेलं की कानातल्या फोनमध्ये 'कट्ट-कडट्ट' असा आवाज यायचा, दुसऱ्या अंगाला गेलं की तोच उलटा, 'कडट्ट-कट्ट'. बरोबर वाटेवर असलात की दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून एकसलग गुंजन. मनोऱ्याच्या अगदी डोक्यावर आलं की क्षणभर सगळं शांत. ती शांतता म्हणजे खूण. तिथून घड्याळाचे सेकंद मोजत, ठरलेल्या दिशेनं, ठरलेल्या गतीनं खाली यायचं आणि ढग संपता संपता धावपट्टी समोर दिसायला हवी. नाही दिसली तर हट्ट न करता पुन्हा वर. एका वेळी तबकड्या बघायच्या, आवाज ऐकायचा, घड्याळ मोजायचं आणि हातपाय चालवायचे. अर्थात आपल्याला एका शेगडीवर दूध, दुसरीवर पोळी, कानाशी फोन आणि दारात गॅसवाला याची सवय असते, पण तिथे दूध उतू गेलं तर पुसून घेता येत नाही.

१९२९ मध्ये अमेलियानं व्यावसायिक वाहतुकीचा परवाना मिळवला. त्याच वर्षी स्त्रियांच्या पहिल्या मोठ्या विमान शर्यतीत ती तिसरी आली, आणि महिला वैमानिकांनी आपली संघटना काढली. पहिल्या सभासद नव्व्याण्णव, म्हणून नावच 'नाइन्टी नाइन्स'. तिची पहिली अध्यक्ष अमेलियाच. या सगळ्या धामधुमीत तिनं केवळ यंत्रांवर उडण्याचा सराव चालू ठेवला. १९३१ च्या फेब्रुवारीत प्रकाशक जॉर्ज पुटनम यांच्याशी लग्न केलं, तेही त्यांनी अनेकदा विचारल्यावर, आणि लग्नाच्या सकाळी त्यांच्या हातात पत्र देऊन. सुख मिळालं नाही तर वर्षभरात मला मोकळं करायचं, असं त्या पत्रात तिनं वचन मागितलं होतं. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे!

२० मे १९३२. पुन्हा तेच न्यूफाउंडलंड, हार्बर ग्रेस गाव. या वेळी लाल रंगाचं व्हेगा विमान आणि आत एकटी अमेलिया. खायला-प्यायला थर्मासमधलं सूप आणि टोमॅटोचा रस. चहा-कॉफी ती घेत नसे, जागं राहायला नाकाशी धरायचे तीव्र वासाचे क्षार जवळ ठेवले होते. काही तासांतच उंची दाखवणारं यंत्र बंद पडलं. रात्रीची वेळ, खाली समुद्र किती अंतरावर आहे कळायला मार्ग नाही. मग वादळ. एक्झॉस्टच्या नळीचा जोड फाटला आणि त्यातून ज्वाळा दिसायला लागल्या. ढगांच्या वर जावं म्हणून तिनं विमान चढवलं तर पंखांवर बर्फ साचला आणि विमान गिरक्या घेत कोसळायला लागलं. सावरलं तेव्हा अंधारात लाटांचा फेस दिसण्याइतकी ती खाली आली होती. उंचीची नोंद करणाऱ्या दुसऱ्या एका यंत्राच्या कागदावर त्या पडण्याची जवळजवळ उभी रेघ उमटलेली नंतर सापडली. वर जावं तर बर्फ, खाली जावं तर समुद्र. मधल्या पट्ट्यात, ढगांच्या पोटात, भोवऱ्याच्या यंत्रांवर नजर रोखून तिनं रात्र काढली. वरून इंधन गळून मानेवर ठिबकत होतं ते वेगळंच. १४ तास ५६ मिनिटांनी उत्तर आयर्लंडमध्ये कल्मोर इथल्या एका कुरणात, गाईंच्या समोर, ती उतरली.

चार वर्षांपूर्वी ज्या विद्येअभावी ती खिडकीशी बसून राहिली होती, त्याच विद्येनं त्या रात्री तिला जगवलं. विक्रम, पदकं, राष्ट्राध्यक्षांची भेट, हे सगळं तुम्ही इतरत्र वाचालच. मला त्या एका रात्रीचं फार वाटतं.

१९३५ च्या जानेवारीत हवाई बेटांहून कॅलिफोर्नियापर्यंत ती एकटी आली, हे आधी कोणीच केलं नव्हतं. त्याच वर्षी पर्ड्यू विद्यापीठात मुलींना करिअरबद्दल सल्ला द्यायला तिला बोलावलं आणि विद्यापीठामार्फत उभ्या राहिलेल्या पैशांतून तिचं शेवटचं विमान आलं, दोन इंजिनांचं चकचकीत 'इलेक्ट्रा'. आता पृथ्वीप्रदक्षिणा करायची, तीही विषुववृत्ताजवळून, म्हणजे सगळ्यात लांबच्या वाटेनं!

तयारीसाठी ती लिंक ट्रेनरमध्ये बसायची. हे यंत्र मोठं गमतीचं. एडविन लिंक हा ऑर्गन आणि पियानो बनवणाऱ्याचा मुलगा. आपल्या बाजाच्या पेटीला असतो तसा भाता त्यानं छोट्या खोट्या विमानाच्या खाली बसवला. हवा भरली-सोडली की ते खोकं खऱ्यासारखं कलायचं, वळायचं. वरून झाकण बंद. बाहेर टेबलाशी बसलेल्या शिक्षकापुढे नकाशावर शाईचं एक छोटं चाक फिरायचं आणि विद्यार्थी कुठे भरकटला ते रेघेत दिसायचं. १९३४ मध्ये अमेरिकेत टपाल नेणारे बरेच लष्करी वैमानिक खराब हवेत मरण पावले, तेव्हा कुठे लष्करानं ही यंत्रं घेतली. त्याआधी ती जत्रेतलं खेळणं म्हणूनही विकली गेली होती.

मार्च १९३७ मधला पहिला प्रयत्न होनोलुलूत उड्डाणाच्या वेळी विमान घसरून मोडल्यानं फसला. त्या वेळी सोबत हॅरी मॅनिंग होता, रेडिओ आणि मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये तरबेज. दुसऱ्या प्रयत्नात तो नव्हता. फक्त फ्रेड नूनन, ताऱ्यांवरून वाट काढण्यात निष्णात. मोर्समध्ये दोघांचीही गती बेताची. विमानावर नवं दिशाशोधक रेडिओ यंत्र होतं, पण ते शिकून घ्यायला तिनं फार थोडा वेळ दिला. पैसा उभा करणं, भाषणं, परवानग्या, दुरुस्ती यांत दिवस गेले.

१ जूनला ती मायामीहून निघाली. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मग तांबड्या समुद्रावरून सुमारे तेरा तासांत थेट कराची. तिथे उंटावर बसली. १७ जूनला कोलकात्याला डमडमला उतरली तेव्हा पावसाळा लागलेला होता. आपला मान्सून काय चीज आहे, ते तिला पुढे ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर कळलं. अक्याबहून निघाली तर पावसानं काही दिसेना, पंखांचा रंग सोलून निघाला. तबकड्यांवर विमान सांभाळत ती परत अक्याबला आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाली. म्हणजे यंत्रांवर उडण्यात ती आता पक्की होती. पण तिथे परतायला विमानतळ होता, किनारा होता.

२९ जूनला न्यू गिनीतलं लाए. तिथे घेतलेल्या चाचणीत दिशाशोधक यंत्रानं दिशा दाखवलीच नाही. मनोरा फार जवळ असल्यानं असं झालं असेल, असं तिनं मानलं. २ जुलैला सकाळी दहाला ती निघाली. पुढचा मुक्काम हाउलंड बेट, चार हजारांहून अधिक किलोमीटर दूर. लांबी जेमतेम दोन किलोमीटर, रुंदी अर्धा, आणि उंची एखाद्या दुमजली घराएवढी.

बेटाशी 'इटास्का' नावाचं अमेरिकन तटरक्षक जहाज तिची वाट बघत उभं होतं. वाररेषा ओलांडल्यामुळे तिथेही २ जुलैचीच पहाट होती. तिचा आवाज जहाजावर येत होता, आणि सकाळी पावणेआठच्या सुमाराला तर इतका मोठा, की ती अगदी जवळ असावी असं सगळ्यांना वाटलं. आपण तुमच्या डोक्यावर असायला हवं पण दिसत नाही, इंधन कमी आहे, असं ती सांगत होती. जहाज उत्तर देत होतं, ते तिला पोचत नव्हतं.

पूर्वी आपण ट्रान्झिस्टर हातात धरून फिरवायचो, एका बाजूला विविधभारती खणखणीत तर दुसऱ्या बाजूला पुसट. दिशाशोधक यंत्र त्याच तत्त्वावर चालतं. कडं फिरवत जायचं, आवाज जिथे सगळ्यात बारीक होईल त्यावरून दिशा काढायची. तिनं जहाजाला ७५०० किलोसायकलवर खूण पाठवायला सांगितली. जहाजानं पाठवली, तिला ऐकूही आली! पण इतक्या वरच्या लहरीवर ते कडं काम देत नाही. आवाज कुठेच बारीक होईना. त्या लहरीवर जहाजाला बोलता येत नव्हतं, फक्त मोर्स पाठवता येत होता. आणि ज्या खालच्या लहरीवर जहाज तिची दिशा काढू शकलं असतं, तिच्यासाठी लागणारी लांब तार मायामीनंतर विमानावर नव्हती. जहाज आणि विमान यांच्या घड्याळांतही अर्ध्या तासाचा फरक होता, कारण वेळ मोजायची पद्धत दोघांची वेगळी. एकेक गोष्ट बघायला गेलं तर किरकोळ. कोणीतरी दोन्ही बाजूंना बसवून एकदा नीट बोलून घेतलं असतं तर त्यातल्या बऱ्याच निस्तरल्या असत्या. पावणेनऊच्या सुमारास, आपण एका रेषेवर उत्तर-दक्षिण फिरत आहोत, असा तिचा शेवटचा निरोप आला.

सोळा-सतरा दिवस नौदलाची जहाजं आणि विमानं समुद्र धुंडाळत होती. काही मिळालं नाही. ५ जानेवारी १९३९ ला कोर्टानं तिला मृत घोषित केलं. ती हेर होती, तिला जपान्यांनी पकडलं, ती दुसऱ्या नावानं जगली, अशा कहाण्यांचा मग पूर आला. त्या मी इथे मुद्दाम सांगत नाही. तिला बेफिकीर म्हणणारेही पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. बर्फ साचलेल्या पंखांनी अंधारात रात्रभर तबकड्यांवर नजर ठेवणारी बाई बेफिकीर कशी असेल? ढगात विमान सरळ ठेवण्याचा अवघड धडा तिनं जीव ओतून गिरवला, आणि रेडिओवर जमीन शोधण्याचा तितकाच अवघड धडा धावपळीत अर्धा राहिला. त्यात तिचा वाटा होता, तिच्याभोवती घाई करणाऱ्यांचा होता, आणि समोरून ऐकणाऱ्यांचाही.

हाउलंडवर तिच्या विमानासाठी अमेरिकन सरकारनं धावपट्ट्या तयार करून ठेवल्या होत्या. पुढे त्याच बेटावर खलाशांना दिवसा दुरून दिसावा म्हणून एक बुटका मनोरा बांधला आणि त्याला तिचं नाव दिलं, 'इअरहार्ट लाइट'. दुसऱ्या महायुद्धात जपानी बाँबहल्ल्यात तो मोडला, नंतर पुन्हा उभारला गेला. बेटावर वस्ती नाही, समुद्रपक्षी तेवढे असतात.